नावांच्या मागाने आओतेआरोआ

रविवार, ऑकलंड

ऑकलंडच्या बंदरालगत जो मासळी बाजार आहे, तिथे बर्फावर मांडलेल्या माशांच्या पाट्या वाचत गेले, तर पहिल्याच रांगेत ताराकिही, काहावाई, होकी, हापुकु अशी नावे ओळीने आली. विकणारा गोरा होता, गिऱ्हाइकांत चिनी, सामोआचे, भारतातले असे सगळे होते आणि प्रत्येकाच्या तोंडी हीच माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतली, नावे होती. न्यूझीलंडमधली, म्हणजे माओरी भाषेतल्या आओतेआरोआमधली, माणसे इंग्रजी बोलत असली, तरी इथल्या कितीतरी माशांना आणि झाडांना त्यांच्याकडे दुसरे नाव रूढच झालेले नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या देशातली झाडे पाहायची इच्छा जुनीच होती. पण या प्रवासात झाडांइतकीच त्यांची आणि माशांची नावे, तीही त्या त्या गावी जशी उच्चारली जातात तशी, ऐकायची असे ठरवून मी निघाले होते. ऑकलंडला स्थायिक झालेली माझी मावसबहीण, म्हणजे ताई, गाडी चालवणार होती.

ताराकिहीच्या मानेमागून दोन्ही बाजूंना उतरणारा काळा पट्टा एवढा ठळक असतो, की एकदा पाहिलेला हा मासा पुन्हा ओळखायला पाटी लागत नाही. काहावाईची पाठ निळसर हिरवी आणि ठिपक्यांची असते. नदीमुखाशी थव्याने येणाऱ्या या माशासाठी माओरी लोक जो खास गळ करत, त्याला ‘पा काहावाई’ म्हणतात. त्याच्या दांडीला पाउआ या समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचा निळा-हिरवा चकाकता तुकडा बसवलेला असतो आणि टोक हाडाचे असते. होडीमागे ओढला, की तो पाण्यात फिरत लहान माशासारखा चमकतो. माशाचे नाव ज्या गळालाच दिलेले आहे, त्या गळावरून तो मासा काय खातो, कुठे सापडतो आणि कशाला भुलतो हे सगळे समजते.

संध्याकाळी भाचीने मला उच्चार शिकवले. तिच्या शाळेत माओरी भाषा सप्ताहाची तयारी चालली होती. १४ सप्टेंबर १९७२ रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला सादर झाला आणि शाळांमध्ये माओरी शिकवावी अशी मागणी त्यात केलेली होती; त्या दिवसाच्या सुमारास हा सप्ताह पाळतात. १९८७ च्या कायद्याने माओरी ही अधिकृत भाषा झाली. पाच स्वर आणि दहा व्यंजने एवढीच तिची वर्णमाला आहे; प्रत्येक अक्षर स्वरान्त असते, आणि रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ व ‘एच’ जोडून लिहिलेला वर्ण बहुतेक ठिकाणी आपल्या ‘फ’च्या जवळ जातो. म्हणून पिवळ्या फुलांच्या त्या झाडाचे नाव कोव्हाई नसून कोफाई आहे, हे भाचीने मला दोनदा म्हणायला लावले. “मावशी, शेवट ओढू नकोस,” एवढीच तिची तक्रार उरली.

सोमवार, वाइपोउआचे अरण्य

ऑकलंडहून उत्तरेला दारगाविलमार्गे वाइपोउआच्या अरण्यात पोचायला दुपार झाली. अरण्यात शिरण्याआधी जोडे घासून, जंतुनाशकात बुडवून स्वच्छ करावे लागतात, कारण काउरी वृक्षाच्या मुळांना मारणारा एक सूक्ष्म रोगजीव मातीबरोबर पसरतो आणि त्यावर अजून खात्रीचा इलाज नाही. ते सोपस्कार पार पाडून लाकडी पुलावरून काही मिनिटे चालले, की वळणावर ‘ताने माहुता’ समोर येतो. हा ज्ञात असलेल्यांतला सर्वांत मोठा जिवंत काउरी होय. त्याची उंची ५० मीटरहून अधिक आणि बुंध्याचा घेर १३ मीटरहून अधिक आहे. राखाडी, गुळगुळीत, फांद्यांविना सरळ वर गेलेला तो बुंधा पाहताना मान मागे टेकवूनही शेंडा नजरेत येत नाही. ताने हा अरण्याचा अधिपती, ज्याने आई पृथ्वी आणि बाप आकाश यांना दूर सारून मधे उजेड आणला. त्याचेच नाव या वृक्षाला दिले आहे.

काउरीची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खोडातून भरपूर राळ येते. उत्तरेकडची एक कथा त्याचे कारण सांगते. देवमाशाने काउरीला समुद्रात चलण्याचा आग्रह केला. काउरी जागा सोडीना, तेव्हा दोघांनी मैत्रीखातर कातडी बदलली. म्हणून झाडाची साल देवमाशासारखी पातळ आणि त्याचे अंग तेलकट. झाड आणि मासा यांना एका घरातले समजणे ही या परंपरेतली नेहमीची गोष्ट आहे. समुद्राचा अधिपती तांगारोआ याचे वंशज एकदा भांडले, त्यांतले मासे पाण्यात गेले आणि सरडे-पाली रानात पळाल्या, असेही सांगतात. वंशावळ सांगितल्याशिवाय ज्यांच्याकडे माणसाची ओळख पुरी होत नाही, त्यांनी झाडामाशांचीही वंशावळ ठेवावी हे मला अगदी सुसंगत वाटते.

वाटेच्या कडेला कावाकावाचे झुडूप दिसले आणि मी थांबलेच. पान हृदयाच्या आकाराचे, देठापासून निघालेल्या ठसठशीत शिरा, खोडावर फुगीर पेरे आणि पानभर सुरवंटाने पाडलेली भोके. ही आपल्या नागवेलीची आणि मिरीच्या वेलाची सख्खी नातलग आहे. तिघी एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातल्या. पान चुरगाळले, तर मिरमिरीत वास येतो. दातदुखीला आणि पोटदुखीला तिचा उपयोग करतात, शोकाच्या प्रसंगी तिच्या डहाळ्यांचे वेढे डोक्यावर घालतात, आणि औषधासाठी जास्तीत जास्त भोकांचे पान निवडावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. पॅसिफिकच्या उष्ण बेटांवर याच प्रजातीतली ‘कावा’ ही वनस्पती आहे, जिच्या मुळ्यांचे पेय समारंभात पितात. साधारण तेराव्या शतकात होड्यांतून इकडे आलेल्या माणसांना कावा या थंड भूमीत लावता आली नाही, पण तिच्यासारखे पान दिसले आणि ओळखीचे नाव त्यांनी त्या पानाला दिले.

उत्तरेच्या रानात हे पुन्हा पुन्हा दिसते. बेटांवर नारळाच्या झावळीला जे नाव, तेच इथल्या एकमेव देशी ताडाला मिळाले: नीकाउ. उष्ण बेटांवर जांभळाच्या जातकुळीतल्या एका फळझाडाला ‘काफिका’ म्हणतात. त्याच नावाला ‘तेआ’, म्हणजे पांढरा, जोडून इथल्या दलदलीतल्या उंच सूचिपर्णी वृक्षाला काहिकातेआ म्हटले गेले. जी झाडे होडीतून बरोबर आली ती आपली नावे घेऊनच आली. तारो म्हणजे आपले अळू, उफी म्हणजे कोनफळ, हुए म्हणजे दुधी भोपळा आणि शिवाय कुमारा, म्हणजे रताळे. पण कोट्यवधी वर्षे जगापासून तुटलेल्या या भूमीतल्या बहुतेक झाडांशी त्यांची आधी भेटच झालेली नव्हती. त्यांना जुनी नावे लावावी लागली किंवा नवी घडवावी लागली, आणि ते काम करायला प्रत्येक पान, फळ, लाकूड हाताळून पाहावे लागले. पूरीरीचे झाड पाहिले तेव्हा हे फार जाणवले. ते निर्गुडीच्या प्रजातीतले आहे, पण आपल्या कुंपणावरच्या झुडपाशी त्याचे काही जमत नाही. पूरीरी हा मोठा वृक्ष, त्याचे लाकूड लोखंडासारखे कठीण, आणि वर्षाच्या बहुतेक काळात त्यावर गुलाबी फुले किंवा लाल फळे असल्याने पक्ष्यांची त्याच्यावर नेहमी वर्दळ.

मंगळवार, दक्षिणेकडे

सबंध दिवस गाडीत गेला. वाइकातोच्या सपाट गायरानांत मधूनच काहिकातेआंचे लहानसे घोळके उभे दिसतात. तेवढेच उरले आहेत. या लाकडाला वास नसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोणी परदेशी पाठवण्याचे खोके त्याचेच करत, आणि त्या खोक्यांपायी तसेच गायींच्या कुरणांपायी सखल भागातली काहिकातेआची राने भराभर तुटली. लाकूडवाले त्याला ‘पांढरा पाइन’ म्हणत, रिमुला ‘तांबडा पाइन’ आणि माताईला ‘काळा पाइन’. यांतले एकही झाड पाइन नाही. पुढे ही व्यापारी नावे मागे पडून माओरी नावेच लोकांच्या बोलण्यात टिकली, याचा मला मनापासून आनंद होतो.

बुधवार, व्हांगानुई

व्हांगानुई नदी डोंगरांतून २९० किलोमीटर वाहत समुद्राला मिळते. २०१७ च्या कायद्याने या नदीला, डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या सगळ्या पाण्यासह आणि जिवांसह, कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. काठावरच्या लोकांचे वचन आहे: ‘को आउ ते आवा, को ते आवा को आउ’, म्हणजे मी नदी आहे आणि नदी मी आहे. काठाकाठाने वर जाणाऱ्या रस्त्यावर आमच्याबरोबर ताईच्या ओळखीचे एक वयस्क माओरी गृहस्थ आले होते. त्यांना सगळे ‘मातुआ’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हटले. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असेच हाक मारतात.

या नदीवर नावांचा राजा म्हणजे तुना. डब्यातल्या ट्यूना माशाशी याचा काही संबंध नाही. तुना म्हणजे आपल्याकडच्या वामसारखा लांब, सापासारखा, गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन मुख्य जाती, लांब पराची आणि आखूड पराची. त्यांतली लांब पराची जात जगात फक्त न्यूझीलंडमध्ये आहे. आकार, रंग, पोटाची छटा, चरबी, राहण्याची जागा आणि हंगाम यांनुसार तुनाची शंभराहून अधिक माओरी नावे नोंदलेली आहेत. मातुआंनी त्यांतली बरीच सांगितली, पण ज्या नावावर ते सर्वांत जास्त वेळ बोलले, ते ‘तुना हेके’. हेके म्हणजे उतरणे. लांब पराची मादी नदीत कित्येक दशके काढते. मग एका शरदात (तिकडचा शरद मार्च ते मे), पावसाच्या काळोख्या रात्री, पूर आला की ती समुद्राकडे उतरू लागते. त्याआधी तिचे डोळे मोठे होतात, डोके चपटे आणि निमुळते होते, खाणे बंद होते. टोंगाच्या दिशेच्या खोल समुद्रात आयुष्यात एकदाच ती अंडी घालते आणि मरते. पारदर्शक पिल्ले प्रवाहांवर वाहत परत इथल्या नदीमुखांशी येतात. शरीरशास्त्राने हे बदल मोजण्याच्या कितीतरी आधी उतरत्या माशाला वेगळे नाव होते, कारण तोच सर्वांत लठ्ठ, धुरी देऊन टिकवण्याजोगा, आणि तो कोणत्या रात्री येणार हे माहीत असणे म्हणजे हिवाळ्याची बेगमी होणे.

गावातल्या संग्रहालयात हीनाकी पाहिली. ही तुना धरायची वेलींची विणलेली लांबट टोपली. तिच्या तोंडाशी आत वळवलेली नरसाळ्यासारखी वीण असते, त्यामुळे मासा आत शिरतो पण बाहेर पडू शकत नाही. मी वाकून ती वीण जवळून पाहिली. प्रत्येक उभ्या कांबीवर दोन पातळ मुळ्यांचा पीळ इतक्या सारख्या अंतराने दिलेला होता, की त्यातून बोट जाईना. नदीत अशी टोपली बांध घालून लावत. तुनाचा बांध प्रवाहाच्या दिशेने लांब असतो, त्याचे नाव ‘पा आउरोआ’. आणि पिहाराउ या दुसऱ्या माशाचा बांध काठापासून प्रवाहात आडवा काढलेला असतो, त्याचे नाव ‘उतु पिहाराउ’. दोन माशांचे वागणे वेगळे, म्हणून दोन बांधांची रचना वेगळी आणि नावेही वेगळी. तुना पुराबरोबर खाली येतो. पिहाराउ उलट समुद्रातून वर चढतो आणि जोराचा प्रवाह टाळत काठाकाठाने येतो, तेव्हा त्याला अडवायला काठच धरावा लागतो. पिहाराउला जबडा नसतो, तोंड गोल चोषकासारखे असते, आणि त्या तोंडाने ओल्या खडकाला चिकटत तो धबधबाही चढून जातो. दक्षिण बेटावर याच माशाला कानाकाना म्हणतात आणि तिथे माताउरा नदीच्या धबधब्यावर तो हाताने धरतात. एका देशात एका माशाची दोन नावे आहेत म्हणून कुणी त्यांतले एक पुसून टाकू नये, असे मातुआ फार कळकळीने म्हणाले. शाळेच्या पुस्तकांत छापायला एकच नाव सोयीचे असते. पण पिहाराउ म्हणणारा माणूस व्हांगानुई किंवा तारानाकीकडचा आहे आणि कानाकाना म्हणणारा दक्षिणेचा, हे ऐकताक्षणी कळते, आणि तो मासा ते कोणत्या पद्धतीने धरतात हेही त्याबरोबर कळते.

उपोकोरोरोचा विषय मीच काढला. हा चंदेरी मासा एकेकाळी दोन्ही बेटांच्या नद्यांत थव्यांनी असे, इतका की टोपल्या भरभरून काढत. १८६७ मध्ये तस्मानियाहून ट्राउट मासा आणून सोडला गेला, काठांवरची राने तुटली, पाणी गढूळ आणि उष्ण झाले, आणि साठ-सत्तर वर्षांत उपोकोरोरो नाहीसा झाला. १९२० च्या दशकानंतर त्याची खात्रीची नोंद जवळजवळ नाही. त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले ते १९५१ मध्ये, म्हणजे संरक्षण द्यायला मासाच उरला नव्हता तेव्हा. मातुआंच्या आजोबांनी तो खाल्लेला होता. त्याच्या चवीबद्दल त्यांच्या घरात जे सांगितले जाते, ते त्यांनी आम्हांला सांगितले. पण ते त्यांच्या घरचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

गुरुवार, फॉक्सटन

वेलिंग्टनच्या वाटेवर फॉक्सटनला थांबलो. मानावातूच्या दलदलीतल्या हाराकेकेचा धागा काढण्याच्या गिरण्या इथे होत्या. जहाजांचे दोर त्यापासून वळत. इंग्रजीत या वनस्पतीला ‘फ्लॅक्स’ म्हणजे जवस म्हणतात, पण जवसाशी तिचे नाते नाही. हाराकेकेची पाने तलवारीसारखी लांब, पंख्यासारखी एकात एक बसलेली असतात. मधले कोवळे पान म्हणजे ‘रितो’, मूल. त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी पाने म्हणजे ‘आफी रितो’, आईबाप. ही तीन पाने कधीच कापायची नाहीत, बाहेरची आजीआजोबांची पाने तेवढी तिरका काप देऊन घ्यायची, पावसात घ्यायची नाहीत, रात्री घ्यायची नाहीत. विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी नियम सांगायला सुरुवात केली ती या नावांपासूनच, आणि नावे समजली की नियम वेगळे पाठ करावे लागले नाहीत. पानाच्या पोटावर आडवी हलकी चीर देऊन त्यांनी शिंपल्याची कड खाली दाबली आणि पान झर्रकन ओढले; हिरवा गर मागे पडला आणि हातात रेशमासारखा पांढरट धागा आला. हा ‘मुका’. उत्तम मुका देणाऱ्या वाणांना, टोपल्यांसाठी चांगल्या वाणांना, चटयांसाठीच्या वाणांना निरनिराळी नावे आहेत. गिझबर्नच्या रेने ऑर्चिस्टन यांनी असे कित्येक वाण खेडोपाडी फिरून, जुन्या विणकर बायांकडून नावांसकट गोळा केले आणि पुढे ते राष्ट्रीय संग्रहात गेले. नावासकट हे महत्त्वाचे आहे. रोप जगले आणि नाव हरवले, तर कुठला मुका कशाला वापरायचा हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

उत्तरेत याच झाडाला कोरारी म्हणतात. इतरत्र कोरारी म्हणजे हाराकेकेचा फक्त फुलोऱ्याचा दांडा.

शुक्रवार, वेलिंग्टन

ओतारी हे उद्यान फक्त देशी वनस्पतींसाठी १९२६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनार्ड कॉकेन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. इथे सुमारे ८०० वर्षे वयाचा एक रिमु आहे. पायथ्याशी उभे राहिले तर वरून लोंबणाऱ्या डहाळ्यांच्या सरी दिसतात. शास्त्रीय नावांच्या पाट्या वाचणाऱ्या माझ्यासारखीला इथे एक वेगळेच समाधान मिळाले. तोतारा आणि तावा या दोन वृक्षांच्या लॅटिन द्विनामांतला दुसरा शब्द माओरीच आहे. सगळ्या जगातले वनस्पतिशास्त्रज्ञ ही झाडे त्याच नावाने ओळखतात. १७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर बँक्स आणि सोलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इथली झाडे गोळा केली तेव्हा जहाजावर ताहितीहून बरोबर आलेले तुपाइआ होते आणि त्यांची भाषा माओरींना समजत होती. पुढे मिशनऱ्यांनी शब्दसंग्रह केले, विल्यम विल्यम्स यांचा शब्दकोश १८४४ मध्ये पाइहिआला छापला गेला. पण त्या कोशांत शब्द देणारे बहुतेक लोक अनामिकच राहिले.

ज्ञान कुणाचे, हा प्रश्न मग वाइतांगी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे माओरींचे राज्याविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या मंडळापुढे, गेला. १९९१ मध्ये दाखल झालेला ‘वाइ २६२’ हा दावा देशी वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांवरच्या माओरींच्या हक्कांचा होता. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. मानुका या झुडपाच्या फुलांचा मध जगभर विकला जातो, हाराकेके आणि कावाकावाची मलमे निघतात, आणि नाव मात्र डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ज्यांनी ते नाव आणि त्यामागचा गुण सांभाळला, त्यांना त्यात वाटा असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे हळदीच्या पेटंटावरून हाच वाद झाला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये.

शनिवार आणि रविवार, काइकोउरा

वेलिंग्टनहून बोटीने साडेतीन तासांत पिक्टन, आणि तिथून समुद्रकाठच्या रस्त्याने काइकोउरा. काइ म्हणजे खाणे, कोउरा म्हणजे शेवंड. तामाकितेरांगी या पूर्वजाने इथे विस्तव पेटवून शेवंड भाजून खाल्ली, अशी हकिकत गावाच्या पूर्ण नावातच आहे. दक्षिण बेटावर बोली बदलते. न्गाई ताहु या इथल्या मुख्य जमातीच्या बोलीत ‘ङ’चा ‘क’ होतो, म्हणून आओरांगी पर्वताचा आओराकी होतो आणि इनांगा माशाचा इनाका. उत्तरेत समुद्रातल्या आणि ओढ्यातल्या दोन्ही शेवंडांना कोउराच म्हणतात, तर इथे ओढ्यातलीला केकेवाई असे वेगळे नाव ऐकले. १९९८ च्या न्गाई ताहु कायद्यात पक्षी, झाडे आणि मासे यांची यादी माओरी नावांनी जोडलेली आहे आणि या जिवांशी त्या जमातीचे असलेले नाते राज्याने त्यात मान्य केले आहे.

१४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपाने इथला समुद्रतळ काही ठिकाणी मीटर-दोन मीटर, काही ठिकाणी त्याहूनही वर उचलला गेला. एका रात्रीत खडक उघडे पडले, आणि त्यांना चिकटलेले पाउआ मोठ्या संख्येने उन्हात मेले. गावकऱ्यांनी बादल्यांनी पाउआ उचलून खोल पाण्यात नेऊन सोडले. इथली पाउआची पकड पाच वर्षे बंद ठेवावी लागली. ती डिसेंबर २०२१ मध्ये मर्यादित स्वरूपात उघडली. ओहोटीला किनाऱ्यावर गेलो, तेव्हा उचललेल्या पांढऱ्या खडकांच्या खालच्या अंगाला रिमुरापा पुन्हा धरू लागलेला दिसला. हे जाडजूड, चामड्यासारखे तपकिरी समुद्रशेवाळ. रिमु म्हणजे अरण्यातला तो वृक्ष आणि रिमु म्हणजे समुद्रशेवाळही. लाटेबरोबर हलणारे पट्टे पाहिले, की ओतारीतल्या लोंबत्या डहाळ्या लगेच आठवतात. रिमुरापाचे पाते आतून मधमाशांच्या पोळ्यासारखे पोकळ असते. ते फुगवून वाळवले, की त्याची पिशवी होते, तिला ‘पोहा’ म्हणतात. दक्षिणेकडच्या बेटांवर धरलेली तीती पक्ष्यांची पिल्ले त्यांच्याच चरबीत शिजवून पोहात भरतात, बाहेरून तोताराच्या सालीचे वेष्टन देतात आणि खाली हाराकेकेची टोपली लावतात. मांस वर्षभर टिकते. समुद्राचे शेवाळ, अरण्यातली साल आणि दलदलीतले पान, तिन्ही एका गाठोड्यात येतात.

सोमवार, वाइरेवा

ख्राइस्टचर्च ओलांडून पुढे वाइरेवा सरोवराकडे वळलो. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा उंच बांध आहे. शरदात तुना हेके खारट पाण्याच्या वासाने इथे गोळा होतात, आणि न्गाई ताहुचे लोक गोट्यांत अरुंद चर खणून त्यांत आलेले तुना रात्री धरतात. सप्टेंबरमध्ये अर्थातच चर बुजलेले होते.

मंगळवार, होकिटिका

आर्थर खिंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर उतरलो, तसा पाऊस लागला. होकिटिका हे पोउनामुचे, म्हणजे हिरव्या जेडचे गाव. दक्षिण बेटाचे नावच ‘ते वाइपोउनामु’. इथल्या पोउनामुची मालकी १९९७ च्या कायद्याने न्गाई ताहुला परत मिळाली. कारागिराच्या दुकानात तीन तुकडे शेजारी ठेवलेले होते. पहिला मोतिया, करडा-हिरवा, उजेडात धरला की आतून दुधाळ दिसणारा: तो इनांगा. दुसरा गडद हिरवा, त्यावर काळे बारीक ठिपके: तो कावाकावा. तिसरा तपकिरी-हिरव्यावर ठिपक्याठिपक्यांचा: तो कोकोपु. एका माशाचे, एका पानाचे, पुन्हा एका माशाचे नाव दगडाला दिलेले, आणि नदीतला कोकोपु ज्याने पाहिला असेल, त्याला तिसरा दगड ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. पोउनामुलाच एक नाव ‘न्गाहुएचा मासा’ (न्गाहुए हा कथांमधला एक पूर्वज) असे आहे, म्हणजे दगड हाही या परंपरेत माशांच्या कुळातला.

दुपारनंतर पाऊस थांबला आणि आम्ही नदीमुखाशी गेलो. १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर हा ‘व्हाइटबेट’चा हंगाम. बोटभर लांबीची, काचेसारखी पारदर्शक पिल्ले समुद्रातून थव्यांनी नदीत शिरतात आणि काठावर माणसे लांब दांड्यांच्या जाळ्या घेऊन तासन्तास उभी असतात. इंग्रजीतले हे एक नाव पाच जातींना मिळून आहे: इनाका, कोआरो आणि तीन प्रकारचे कोकोपु. मोठी झाली, की पाचही निरनिराळे आयुष्य काढतात. इनाका उधाणाच्या भरतीला काठच्या गवतात अंडी घालतो आणि पुढच्या उधाणाचे पाणी त्या गवतापर्यंत चढले, की पिल्ले बाहेर पडतात. गुरांनी ते गवत चरले, तर अंडी उन्हात वाळतात. कोआरो डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांत जातो. पट्ट्यांच्या कोकोपुला डोक्यावर रान लागते. थोरला कोकोपु अंगावरच्या सोनेरी ठिपक्यांमुळे शास्त्रज्ञांना आकाशगंगेची आठवण देऊन गेला आणि त्या साऱ्या प्रजातीचे लॅटिन नाव त्यावरूनच पडले. यांतल्या बहुतेक जाती आता कमी होत चालल्या आहेत, आणि माझ्या मते त्याचे एक कारण हे एकच नावही आहे. पाचांना मिळून एक शब्द वापरला, की कोणता मासा घटतो आहे हे बादलीत दिसत नाही.

काठावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, ही पिल्ले एवढीशी असताना ओळखायची कशी. त्यांनी ओल्या बादलीच्या भिंतीकडे बोट दाखवले. पाण्यापासून वीतभर वर, प्लॅस्टिकला पोट चिकटवून, चार-पाच पिल्ले सरळ वर चढत होती. एकेक वळवळत इंचभर पुढे सरके आणि थांबे. “हे कोआरो. इनाका चढत नाहीत, ते खालीच गोल फिरतात,” त्या म्हणाल्या. पट्ट्यांचे कोकोपुही चढतात, पण त्यांचा रंग जरा पिवळसर असतो, हे त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेऊन दाखवले. चढणारी सगळी त्यांनी ओंजळीने परत नदीत सोडली, उरलेल्या इनाकांतले पेलाभर आमच्या डब्यात ओतले, आणि आम्ही उतरलो होतो त्या घरी अंडी आहेत का, असे विचारले, कारण इकडे हे मासे फेटलेल्या अंड्यात घालून तव्यावर टाकतात आणि पावाच्या दोन चकत्यांत लिंबू पिळून खातात.